तेरा तालुके, पंधरा फोल्डर

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. त्यांची नावे एका फाइलीत एकाखाली एक लिहिली, बॅशमध्ये चार ओळींचा लूप लिहून प्रत्येक नावाचा फोल्डर करायला सांगितला आणि नाव धरून ठेवणाऱ्या व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालायची राहून गेली, तर फोल्डर तेरा होत नाहीत, पंधरा होतात. दहा तालुक्यांची नावे एकशब्दी आहेत, ती नीट उतरतात. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि जळगाव जामोद ही तीन नावे मधल्या मोकळ्या जागेवर तुटतात. जळगाव वेगळा, जामोद वेगळा. सिंदखेड वेगळा, देऊळगाव वेगळा, आणि त्या दोघांत मिळून राजा एकच, कारण दुसऱ्यांदा राजा करायला गेल्यावर संगणक सांगतो की या नावाचा फोल्डर आधीच आहे.

एवढ्यावर भागले असते तर ठीक होते. पुढच्याच ओळीत प्रत्येक तालुक्याची ‘यादी’ नावाची फाइल त्या त्या फोल्डरात कॉपी करायची आज्ञा असते. अवतरणे नसल्यामुळे ‘सीपी’ या आज्ञेला देऊळगाव ही कॉपी करायची आणखी एक वस्तू वाटते आणि राजा हे पोचवायचे ठिकाण. यादी राजामध्ये जाते. काही क्षणांनी सिंदखेड राजाची पाळी येते; तिचीही यादी त्याच राजामध्ये, त्याच नावाने, आधीच्या यादीवर. देऊळगाव राजा तालुक्याची यादी त्या फोल्डरातून पुसली गेली. पडद्यावर एखाद-दुसरी सूचना उमटते, ती शेकडो ओळींत वाहून जाते, आणि स्क्रिप्ट शेवटपर्यंत पळून शांतपणे संपते. ज्याचे नाव त्या यादीत होते त्याला यातले काहीच कळत नाही. त्याला एवढेच कळते की आपले नाव यादीत नाही.

हे पुस्तक एकेरी अवतरण, दुहेरी अवतरण आणि बॅकस्लॅश या तीन चिन्हांविषयी आहे. प्रोग्रामिंगच्या बहुतेक पुस्तकांत त्यांना दुसऱ्या प्रकरणात पान-दीड पान मिळते आणि मग गाडी लूप, फंक्शन, ऑब्जेक्ट अशी पुढे जाते. मला तो क्रम चुकीचा वाटतो. स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणांतल्या मजकुरात, जे असते ते कुणीतरी सांगितलेले असते: नाव, गाव, गट क्रमांक, पत्ता, रक्कम. स्क्रिप्टमधले बाकीचे सगळे आपण यंत्राला दिलेल्या आज्ञा असतात. या दोन्ही गोष्टी एकाच फाइलीत, एकाच कीबोर्डवरून, एकाच अक्षरांत लिहिल्या जातात. दोन शेतांमध्ये बांध असावा तशी त्यांच्यामध्ये अवतरणे असतात. बांध नीट असेल तर कुणाचे काय हा प्रश्नच येत नाही. तो फुटला की लोकांचा मजकूर आज्ञेत शिरतो आणि आज्ञा मजकुरात. हा बांध घालण्याचे काम भाषेचे नाही, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचे आहे.

तालुक्याच्या गावी संगणकावर बसणारे ऑपरेटर, सेवा केंद्र चालवणारी मुले, शाळेच्या पटाच्या याद्या जुळवणारे शिक्षक, पॉलिटेक्निकमध्ये पहिल्यांदा लिनक्स पाहणारे विद्यार्थी, असा वाचक डोळ्यांसमोर ठेवला आहे. त्यांना हजार ओळींचे सॉफ्टवेअर लिहायचे नसते. रोजचे कंटाळवाणे काम वीस ओळींत उरकायचे असते, आणि स्ट्रिंगचे घोळ नेमके त्या वीस ओळींत होतात. एक सूचना आधीच देतो: या प्रस्तावनेत आज्ञांची नावे आणि आकडे नागरीत छापले आहेत. टंकताना ते रोमनमध्ये घ्यायचे. चिन्हे मात्र इथे दिसतात तशीच.

पहिली सात प्रकरणे शेलची आहेत. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर आला. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश १९८९ चा, आणि अवतरणांच्या बाबतीत त्याने बोर्न यांचेच नियम पुढे चालवले. शेल ही मुळात आज्ञा टंकण्याची जागा. टंकणाऱ्याचे कष्ट वाचावेत म्हणून तिथे कोणताही शब्द अवतरणाविना लिहिता येतो. पायथॉनमध्ये किंवा जावास्क्रिप्टमध्ये मजकूर आहे म्हटले की अवतरण आलेच. शेलमध्ये अवतरण नसले तरी मजकूर चालतो. ही सवलत फार महागात पडते. उघड्या मजकुरात मोकळी जागा शब्द तोडते, तारा, प्रश्नचिन्ह आणि चौकोनी कंस फाइलींची नावे शोधायला निघतात, डॉलर व्हेरिएबल उघडतो, आणि अर्धविराम, उभी रेघ, अँपरसँड, लहान-मोठे दाखवणारी बाणचिन्हे यांना प्रत्येकी स्वतःचे काम आहे.

दुहेरी अवतरणात यातली बहुतेक चिन्हे शांत होतात. डॉलर, उलटे टिक, बॅकस्लॅश आणि बंद करणारे दुहेरी अवतरण तेवढी जागी राहतात. टर्मिनलवर हाताने टंकताना बॅशमध्ये उद्गारचिन्हही. एकेरी अवतरणात काहीच जागे राहत नाही, बॅकस्लॅशसुद्धा नाही. म्हणूनच एकेरी अवतरणाच्या आत एकेरी अवतरण घालता येत नाही. ते हवे असेल तर आधीचे बंद करायचे, बॅकस्लॅश देऊन एक सुटे अवतरण लिहायचे आणि पुन्हा नवे उघडायचे:

'शेतकऱ्याचा '\''सातबारा'\'' उतारा'

छापून येते: शेतकऱ्याचा 'सातबारा' उतारा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मधली चार चिन्हे टंकनदोष वाटतात. पण यात जादू नाही. शेलमध्ये लगोलग आलेले तुकडे, मग ते अवतरणातले असोत वा बाहेरचे, एकाच शब्दात जुळतात, एवढ्या एका नियमावर ते उभे आहे. हा नियम हाताला बसेपर्यंत पुढे जाऊ नये असे मी आग्रहाने सांगेन.

शेलमध्ये आणखी एक गैरसमज घट्ट मूळ धरून आहे. व्हेरिएबल वापरताना अवतरण द्यायचा कंटाळा येतो, म्हणून काही जण व्हेरिएबलच्या किमतीतच अवतरणे भरून ठेवतात: आत "देऊळगाव राजा" असे, अवतरणांसकट. त्याचा उपयोग होत नाही. शेल आधी ओळ वाचून तिच्यातली अवतरणे ओळखतो, नंतर व्हेरिएबल उघडतो, मग मोकळ्या जागेवर तोडतो. उघडल्यावर बाहेर पडलेली अवतरणे त्याच्या लेखी साधी अक्षरे असतात. आता फोल्डर होतो तो "देऊळगाव या नावाचा, सुरुवातीला अवतरण चिकटलेला. खरा उपाय साधा आहे. व्हेरिएबल जिथे वापरले तिथे "$तालुका" असे दुहेरी अवतरणात लिहायचे, आणि अनेक नावे असतील तर ती एका लांब स्ट्रिंगमध्ये न कोंबता अॅरेमध्ये ठेवायची. शेलचेक नावाचे मोफत साधन अशी राहिलेली अवतरणे दाखवून देते. त्याची २०८६ क्रमांकाची सूचना याच चुकीची आहे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे साधन आधी बसवून घ्यावे.

बॅकस्लॅशची गोष्ट निराळी आहे. छापखान्यात या चिन्हाला विशेष काम नव्हते. बॉब बेमर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते संगणकाच्या अक्षरसंचात आणायला लावले, तेही अल्गोल भाषेतली ‘आणि’ व ‘किंवा’ची चिन्हे दोन तिरप्या रेघा जोडून, /\ आणि \/ अशी, लिहिता यावीत म्हणून. केन थॉम्प्सन यांच्या बी या भाषेत विशेष अक्षरे दाखवायला तारा वापरत. नवी ओळ म्हणजे तारा आणि त्यापुढे एन. सी भाषेने ते काम बॅकस्लॅशला दिले आणि तिथून ते जवळजवळ सगळीकडे पसरले. पसरताना नियम मात्र एकसारखे राहिले नाहीत, आणि नवशिक्याचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

पुन्हा तेरा तालुके घेऊ. विंडोजवर डी ड्राइव्हमध्ये प्रत्येक तालुक्याचा फोल्डर आहे, नाव लहान रोमन अक्षरांत, आणि पायथॉनमध्ये तो मार्ग साध्या अवतरणात, एकाच बॅकस्लॅशने लिहिला आहे. तेरापैकी अकरा मार्ग चालतात. बुलढाणा आणि नांदुरा चालत नाहीत. बॅकस्लॅशपुढे बी आला की पायथॉन त्याला एक घर मागे सरकण्याची खूण समजतो आणि बुलढाण्याचे पहिले अक्षर खातो; एन आला की नवी ओळ, म्हणून नांदुऱ्याचे उरलेले नाव खालच्या ओळीवर पडते. चिखली, मेहकर, खामगाव, शेगाव यांच्या आद्याक्षरांना पायथॉनमध्ये असा अर्थ नाही, म्हणून तिथे बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो. तो राहतो हेही सुखाचे नाही. ३.६ या आवृत्तीपासून पायथॉन अशा निरर्थक जोड्यांबद्दल आतल्या आत कुरकुरत होता, ३.१२ पासून तो उघड इशारा देतो. तेच तेरा मार्ग जावास्क्रिप्टमध्ये नेले तर बुलढाणा आणि नांदुरा तसेच बिघडतात, आणि उरलेल्या अकरांतला बॅकस्लॅश निमूटपणे गळून जातो. बॅशच्या दुहेरी अवतरणात तेराही मार्ग शाबूत राहतात. स्ट्रिंग तीच, अवतरण तेच, निकाल तीन. नियम पाठ करण्यापेक्षा सवय लावावी: पायथॉनमध्ये मार्ग लिहिताना अवतरणाआधी आर लावून कच्ची स्ट्रिंग घ्यावी, किंवा सरळ पुढे झुकलेली रेघ वापरावी. विंडोजवरचा पायथॉन ती समजतो.

ती पुढे झुकलेली रेघ आपल्याकडे जमिनीच्या प्रत्येक कागदावर आहे. गाव नमुना सात आणि बारा मिळून झालेला उतारा ७/१२ असा लिहितात, आणि गट क्रमांक पाचमधला दुसरा हिस्सा ५/२ असा. एक्सेलच्या घरात ५/२ टंकले की ते ५ फेब्रुवारी होते. नुसते दिसायला नाही, आतूनही. २०२४ साली टंकले असेल आणि घराचा प्रकार नंतर संख्या असा बदलला तर तिथे ४५३२७ उभे राहते, कारण एक्सेल तारखा दिवसांच्या क्रमांकाने ठेवतो. मूळचे पाच आणि दोन त्यात उरलेले नसतात. याहून घातक गोष्ट अशी की १४३/२ ला काही होत नाही. अशी तारीखच नसते. त्यामुळे गावाची यादी वरवर चाळली तर बहुतेक गट ठीक दिसतात आणि लहान आकड्यांचे तेवढे तारखा होऊन बसतात. हे फक्त आपल्याच कागदांचे दुखणे नाही. मार्च आणि सप्टेंबर यांच्या लघुरूपांसारखी दिसणारी मानवी जनुकांची नावे एक्सेल वर्षानुवर्षे तारखांत बदलत राहिला, आणि अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलली. सातबाऱ्याचे नाव बदलता येत नाही आणि बदलायची गरजही नाही. घराचा प्रकार आधी टेक्स्ट ठेवावा, किंवा आकड्याआधी एकेरी अवतरण टंकावे. ते घरात दिसत नाही, पण पुढचा मजकूर जसाच्या तसा ठेव असे सांगते. केंद्रावर बसणाऱ्या कित्येकांना ही युक्ती हातोहात आलेली असते. आपण एस्केप करतो आहोत, म्हणजे मजकुराचा खास अर्थ लागू न देता तो जसाच्या तसा ठेवायला सांगतो आहोत, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेले नसते.

शून्याचेही असेच. बुलढाण्याचा एसटीडी क्रमांक ०७२६२. बॅशमध्ये तो हिशेबात घेतला तर उत्तर ३७६२ येते. आरंभी शून्य असलेली संख्या बॅश अष्टमान पद्धतीची धरतो. पायथॉन ३ अशी संख्या लिहूच देत नाही. तो क्रमांक कधीच संख्या नव्हता, त्याची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही, म्हणून त्याची जागा अवतरणात. महिन्यांचे तसे नाही, त्यांचा हिशेब खरोखर करावा लागतो. तारखेतून महिना काढून त्यात एक मिळवणारी स्क्रिप्ट जानेवारीपासून जुलैपर्यंत बिनतक्रार चालते आणि १ ऑगस्टला आडवी होते, कारण ०८ हा अष्टमान आकडा असूच शकत नाही. सप्टेंबरभर ती तशीच पडून राहते आणि ऑक्टोबरात आपोआप बरी होते. दुरुस्तीसाठी आकड्याआधी १०# लिहावे लागते: ही दशमान संख्या आहे, असे बॅशला स्पष्ट सांगायचे.

आता मराठीची खास अडचण. पुस्तकातले सगळ्यात मोठे प्रकरण तिच्यावर आहे, कारण इंग्रजी पुस्तकांत ती सापडत नाही. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे लाखो पाने कृतिदेवसारख्या फॉण्टांत टंकली गेली. त्या फाइलींत देवनागरी नसतेच. आत रोमन अक्षरे आणि कीबोर्डवरची चिन्हे असतात, फॉण्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. कृतिदेवमध्ये श टंकायला पहिली कळ दाबावी लागते ती एकेरी अवतरणाची. ष ला दुहेरी अवतरण. ख ची सुरुवात उघड्या चौकोनी कंसाने, घ ची प्रश्नचिन्हाने, ढ म्हणजे ‘पेक्षा लहान’चे चिन्ह. आता जिल्ह्याकडे पाहा. शेगाव एकेरी अवतरणाने सुरू होतो, खामगाव चौकोनी कंसाने. घाटावरचे आणि घाटाखालचे तालुके हा इथल्या रोजच्या बोलण्यातला भेद प्रश्नचिन्हाने सुरू होतो. आणि बुलढाणा ढ ने लिहिला तर नावाच्या मधोमध < असते. बुलडाणा असा ड ने लिहिला तर नसते. दोन्ही रूपे चालू आहेत, म्हणून एकाच जिल्ह्याच्या दोन फाइलींपैकी एक बिघडते आणि दुसरी ठणठणीत राहते, असा अनुभव येतो.

हा मजकूर वेब पानात तसाच ओतला की ब्राउझर < या चिन्हापासून टॅग सुरू झाला असे समजतो आणि > दिसेपर्यंतचे सगळे गिळतो. पडद्यावर राहते ‘बुल’ची तेवढी अक्षरे. ग्रेप या शोधाच्या आज्ञेने खामगाव शोधायला गेले तर चौकोनी कंस उघडला पण मिटला नाही अशी तक्रार येते. डेटाबेसच्या आज्ञेत एकेरी अवतरणाच्या आत शेगाव चिकटवला तर स्ट्रिंग उघडताच मिटते आणि पुढची अक्षरे आज्ञा म्हणून वाचली जातात. शेतकरी, शिंदे, शेळके, शेख, शंकर, प्रत्येक श ला हेच. जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणणाऱ्या स्क्रिप्टमध्ये म्हणूनच एक शिस्त पाळावी लागते: कृतिदेवचा मजकूर आज्ञेच्या ओळीत कधीही लिहायचा नाही. तो फाइलीतून वाचायचा, आधी रूपांतर करायचे, आणि मगच त्याला हात लावायचा.

युनिकोडमध्ये आल्यावर ही चिन्हे जातात, पण अदृश्य अक्षरे येतात. आपल्या प्रदेशाच्या नावातच एक आहे. वऱ्हाडमधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडक, युनिकोडमधला क्रमांक २००डी. पडद्यावर दोन्ही वऱ्हाड हुबेहूब सारखे. पहिल्यात सहा कोडबिंदू आणि यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट, दुसऱ्यात सात आणि २१. एकाने शोधले तर दुसरे सापडत नाही. डोळ्यांना दिसते, ग्रेप रिकामा परततो, आणि माणूस म्हणतो, समोर तर दिसतेय! इथे बॅकस्लॅश उपयोगी पडतो. पायथॉनमध्ये त्या स्ट्रिंगचे ‘रेप्र’ मागितले की जोडकाच्या जागी बॅकस्लॅश, यू आणि २००डी असे छापून येते. एस्केपला आपण नेहमी बचावाचे साधन समजतो. मजकुरात खरोखर काय आहे ते पाहण्याची ती एक खिडकीसुद्धा आहे, आणि मराठीत काम करणाऱ्याला तिची गरज इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त पडते. बऱ्याच, दऱ्या, तऱ्हा असे शब्द आपल्याकडे किती आहेत ते आठवून पाहा.

सीएसव्ही फाइलींबद्दल थोडक्यात. आपला पत्ता स्वल्पविरामाशिवाय पुरा होत नाही: मुक्काम पोस्ट, ता. मोताळा, जि. बुलढाणा. म्हणून असा रकाना दुहेरी अवतरणात घालतात, आणि आत दुहेरी अवतरण आले तर ते दोनदा लिहितात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ४१८० क्रमांकाच्या इंटरनेट टिपणात हेच नोंदवलेले आहे. शेतीच्या दुकानातल्या मालाच्या यादीत याची परीक्षा लगेच होते, कारण पाइपांचे इंच दुहेरी अवतरणानेच लिहिले जातात. पाइप २.५" हा रकाना "पाइप २.५""" असा होतो. मोजून पाहा: एक इंच, एक त्याची जोडी, आणि एक रकाना मिटवणारे. हे हाताने लिहू नये. बहुतेक भाषांत सीएसव्हीचे तयार मॉड्यूल मिळते. आणि सीएसव्हीतली अवतरणे ५/२ ला वाचवत नाहीत. ती रकान्याची हद्द दाखवतात, प्रकार नाही. फाइल दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की अवतरणातला ५/२ सुद्धा फेब्रुवारीत जातो. डेटा आयात करून, त्या स्तंभाचा प्रकार टेक्स्ट सांगूनच ती उघडावी.

अवतरणांनी सगळे प्रश्न सुटत नाहीत हे आणखी एक-दोन ठिकाणी दिसते. फाइलीचे नाव आडव्या रेघेने सुरू होत असेल तर ते कितीही अवतरणात घातले तरी आज्ञा त्याला पर्यायच समजते. आधी -- लिहावे लागते किंवा नावाआधी ./ जोडावे लागते. मजकूर बदलणाऱ्या सेड या आज्ञेत रु. ५००/- बदलायला गेले तर आपली ती /- आज्ञेच्या मधोमध येऊन बसते. तिथे विभाजक म्हणून दुसरे चिन्ह घ्यावे, उभी रेघ किंवा हॅश. खामगावसारख्या जुन्या बाजारपेठेतल्या पेढ्यांच्या नावांत & हमखास असते, आणि सेडमध्ये बदली मजकुरातल्या & चा अर्थ होतो ‘जे सापडले ते सगळे इथे पुन्हा लिही’. पेढीच्या नावात जुने नाव घुसते. दोन्ही ठिकाणी शेलची अवतरणे अगदी बरोबर असतात, कारण चिन्हाला अर्थ देणारा तिथे शेल नसतो, पुढचा प्रोग्राम असतो.

यातून मी ज्या मतावर आलो आहे ते पुस्तकाच्या उत्तरार्धात जोराने मांडले आहे. एस्केप करायला शिकावे, आणि ते कमीत कमी करावे लागेल अशी स्क्रिप्ट लिहावी. लोकांचा मजकूर आज्ञेच्या मजकुरात चिकटवायचा आणि मग त्यातली धोकादायक चिन्हे एकेक करून शांत करायची, या मार्गात एक चिन्ह विसरले की सगळे गेले. त्याऐवजी दोन्ही वेगळ्या वाटेने पाठवावेत. डेटाबेसला आज्ञा देताना किमतीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचे आणि नावे वेगळ्या यादीतून द्यायची. मग शेगाव कोणत्याही फॉण्टात असला तरी त्याच्या अवतरणाला कुणी विचारत नाही. पायथॉनमधून बाहेरची आज्ञा चालवताना एक लांब ओळ न देता यादी द्यायची. देऊळगाव राजा हा यादीतला एक घटक असतो, त्याच्यातली मोकळी जागा मध्ये येतच नाही. शेलमध्ये फाइलींची नावे एका आज्ञेकडून दुसरीकडे देताना शून्य बाइटने विभागायची, कारण फाइलीच्या नावात बाकी जवळपास काहीही येऊ शकते, शून्य बाइट येऊ शकत नाही. आणि मजकुरालाच आज्ञा म्हणून चालवणाऱ्या ‘इव्हॅल’ला हात लावायचा नाही.

मजकूर आज्ञा होऊन बसल्याचा सगळ्यात गाजलेला दाखला बॅशच्याच घरातला आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये शेलशॉक या नावाने उघड झालेल्या दोषात असे होते की वातावरणातल्या एखाद्या व्हेरिएबलची किंमत फंक्शनसारखी दिसली तर बॅश ती उघडताना तिच्यामागे चिकटलेली आज्ञाही चालवत असे. हा दोष १९८९ पासून, म्हणजे पंचवीस वर्षे, जगभरच्या सर्व्हरांत बसून होता. तो स्टेफान शाझेला यांना सापडला. इतक्या जाणत्या लोकांच्या हातून, इतक्या वापरात असलेल्या प्रोग्राममध्ये बांध फुटलेला राहू शकतो. म्हणून कुणाच्या स्क्रिप्टमध्ये अवतरण राहिले तर त्याला हसू नये. त्याला परीक्षेसाठी एक ओळ द्यावी.

ती ओळ पुस्तकात जागोजागी येते. एक काल्पनिक नोंद आहे: गावाच्या रकान्यात देऊळगाव राजा, गट ५/२, फोन ०७२६२ ने सुरू होणारा, पत्त्यात दोन स्वल्पविराम, वस्तूच्या रकान्यात २.५" पाइप, रक्कम रु. ५००/-, शेरा एकेरी अवतरणात, आणि दोन तऱ्हांनी साठवलेला वऱ्हाड. स्क्रिप्ट कोणतीही असो, खऱ्या नोंदींआधी ही एक नोंद तिच्यातून पार करावी आणि आत गेलेली व बाहेर आलेली फाइल ‘डिफ’ने ताडून पाहावी. डोळ्यांनी नको, वरच्या दोन वऱ्हाडांत डोळा फसतो.

वाचण्याच्या क्रमाबद्दल. शेलची सात प्रकरणे सलग वाचावीत, उदाहरणे हाताने टंकून. पायथॉन आणि डेटाबेसची प्रकरणे गरजेप्रमाणे उघडली तरी चालतील. शेवटचे प्रकरण दूरच्या संगणकावर एसएसएचने आज्ञा चालवण्याचे आहे, आणि ते मुद्दाम शेवटी ठेवले आहे. तिथे एकाच ओळीला दोन शेल वाचतात: आपला आधी, पलीकडचा नंतर. आपल्या शेलने अवतरणे काढून घेतली की पलीकडे देऊळगाव राजा पुन्हा उघडा पडतो, म्हणून अवतरणाभोवती अवतरण लागते. त्यात डेटाबेसची आज्ञा असली तर तिसरा थर चढतो, आणि प्रत्येक थराला बॅकस्लॅशांची संख्या दुपटीने वाढते. दोन थरांपर्यंत कसे लिहायचे ते तिथे पायरी-पायरीने दाखवले आहे. तिसरा थर आला की मी स्वतः ओळ जुळवत बसत नाही: स्क्रिप्टची फाइल करतो, ती पलीकडे पाठवतो आणि तिथेच चालवतो.